जुन्या कोचच्या नावाने खडे फोडण्याआधी

अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरची तुमची पोस्ट वाचली आणि मला माझं २००८ साल आठवलं. २०२३ ला मिशिगन विद्यापीठाचा संघ १५-० (आधी विजय, मग पराभव) असा विजेता, मग कोच हारबॉ चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेला, आणि २०२४ ला त्याच्या जागी आलेल्या मूरच्या हाती ८-५. हारबॉने घर धुऊन नेलं, बिचारा मूर काय करणार, असं तुमचं म्हणणं. हीच टेप मी २००७ पर्यंतचा कोच लॉइड कार याच्या नावाने तीन वर्षं वाजवली आहे.

मुद्दा अगदीच खोटा नाही. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू उचलतात त्यात, मॅकार्थीसकट १३ जण गेले. २००८ ला हेनी, हार्ट, जेक लाँग हे खेळाडू गेले आणि मॅलेटने आर्कान्सास विद्यापीठ गाठलं. पण कारनंतर आलेल्या कोच रॉड्रिगेजला पळणारा क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन चाल चालवणारा खेळाडू) हवा होता, मॅलेट उभ्या जागेवरून फेकणारा. हे कारच्या माथी कसं मारायचं? मी मारलं. टोलेडोने घरच्या मैदानावर १३-१० ने हरवलं तेव्हा मी तिथेच होतो. बरोबरीची किक हुकली, शेजारच्या आजोबांनी बसायची गादी काखेत मारली आणि न बोलता निघाले. मी मात्र गाडीपर्यंत कारलाच शिव्या देत होतो. मोसम ३-९.

खरी माती खाल्ली ती पुढे. 'कारची घाण निघाली, आता बघा' असं छातीठोक सांगून तीन मित्रांना २००९ च्या मोसमाची तिकिटं घ्यायला लावली, तीही सगळी माझ्या नावावर, एका मध्यस्थ कार्यालयातून. सुरुवात ४-०, नोट्र डेमलाही ३८-३४ ने हरवलं. मी हवेत. शेवट ५-७! मित्र ऑक्टोबरातच गळाले. तिकिटं दुसऱ्याच्या नावावर करा म्हटलं तर ते कार्यालय म्हणे ईमेल करा. ईमेल केला तर म्हणे फोन करा. नाव घेत नाही, पण नोव्हेंबरात तीन रिकाम्या जागांशेजारी एकटा बसलोय मी, पैसे भरून.

तरी डोळे उघडले ते २०११ ला. रॉड्रिगेजच्या तिसऱ्या वर्षी, २०१० ला, डिफेन्स, म्हणजे बचावाची फळी, सामन्याला सरासरी ३५ गुण देत होता. मग त्याच्या जागी होक आला, त्याचा सहायक मॅटिसनने डिफेन्स हातात घेतला, बरीचशी तीच पोरं, आणि आकडा १७ वर. ११-२! म्हणजे तिथे तरी कारचा काही संबंध नव्हता. (होकही पुढे घसरत ५-७ वर आला, ते वेगळं रडगाणं.)

मी कोच नाही, कधी खेळलोही नाही, चष्माही मिशिगनच्या रंगांचा, पिवळा-निळाच. पण माझ्या मते पहिलं वर्ष जुन्याच्या खात्यात, दुसरं निम्मं-निम्मं, तिसऱ्यापासून सगळं नव्याचं. आता तर तेवढीही सूट देऊ नये. तेव्हा कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसावं लागायचं, आता पोर्टलमधून, म्हणजे बदलीच्या यादीतून, आलेला त्याच मोसमात खेळतो. आणि रॉड्रिगेज बाहेरून आलेला, मूर तर हारबॉचाच ऑफेन्स कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमण आखणारा सहायक, होता. पुढचा क्वार्टरबॅक कोण, हे त्याला आधी दिसत नव्हतं? २०२४ ला त्या जागेवर वॉरन, ओर्जी, टटल अशी संगीत खुर्ची झाली, त्यात त्याचा वाटा नाही म्हणता?

अर्थात त्याच मूरने त्या वर्षी कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३-१० ने हरवलं, तेवढ्यावर माझ्या बायकोने त्याला तेव्हा माफ केलं.

आणि तिकिटं घ्याल तर ज्याची त्याच्या नावावर घ्या. नोव्हेंबरात बुटांखाली जाड पुठ्ठा ठेवा, गारठा खालच्या सिमेंटमधून चढतो.