जामिनावर सुटून नवरा घरी येतोय, मी काय करू?

प्रश्न : ताई, लग्नाला ११ वर्षं झाली, भांडुपला चाळीत राहतो, खोली सासूबाईंच्या नावावर. नवऱ्याला चार वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया निघाला, गोळ्यांवर बरा होता, कामावरही जायचा. मग गोळ्या सोडल्या म्हणून मी चहात चुरून द्यायला लागले. एक दिवस कपाच्या तळाशी राहिलेलं पांढरं त्याने बोटाने चाटून बघितलं आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला, तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. खिडकीला पेपर चिकटवले, शेजारच्या काकांशी माझं काहीतरी आहे म्हणायला लागला. दोनदा माझा गळा धरला. गेल्या महिन्यात काकांच्या डोक्यात वरवंटा घातला, सात टाके पडले, पोलीस घेऊन गेले. आता जामीन होतोय. सासूबाई म्हणतात वेडाचा दाखला दिला की केस सुटेल, तू फक्त गळ्याचं बोलू नकोस. ९ वर्षांची मुलगी आहे. सोडून गेले तर पाप लागेल का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : नाही लागणार, ताई. तुम्ही गळ्याचं अर्ध्या ओळीत लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. ज्या घरात गळा धरला जातो तिथे पुढे जीव जाण्याचा धोका खूप वाढतो, मग माणूस आजारी असो नाहीतर धडधाकट. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत, त्यामुळे आजाराला दोष देऊ नका, पण तुमच्या घरात जे झालं ते झालंय. तो यायच्या आत तुम्ही आणि मुलगी दुसरीकडे असा, माहेरी, बहिणीकडे, कुठेही. आणि गळ्याचं पोलिसांना सांगाच, डॉक्टरांनाही.

सासूबाईंना कोणीतरी अर्धवट सांगितलंय. मानसिक आजारामुळे शिक्षेतून सूट देणारं भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेत ८४) नुसत्या निदानावर लागत नाही, वरवंटा मारला त्या क्षणी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे आजारामुळे त्याला कळतच नव्हतं, असं कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यासाठी जुने केसपेपर लागतील, म्हणून ते फाडू किंवा लपवू देऊ नका. त्याच्या वकिलाला सांगा की जामिनाच्या अटीत उपचार मागा, यात त्याचंही भलंच आहे.

चहाचं मनाला लावून घेऊ नका, हतबल झालेली कितीतरी घरं हे करतात. पण आता नको, आधीच संशय असलेल्या माणसाला त्यातून पुरावाच मिळतो. तो उपचाराला नाहीच म्हणाला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ८९ आहे, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (म्हणजे त्याने स्वतः लेखी नेमलेल्या माणसाने, नेमला नसेल तर नातेवाइकाने) अर्ज केला आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून गरज आहे म्हटलं तर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. केईएम, नायर, सायनला मानसोपचार विभाग आहेत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे. अंगावर आला तर थेट ११२.

खोली सासूबाईंच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला हक्क नाही असं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण आणि राहण्याचा, दोन्ही आदेश मागता येतात, वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. घटस्फोटाचं आत्ताच ठरवायची घाई नको. नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव घटस्फोटाला पुरत नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्येच म्हटलंय, मारहाणीची बाजू वेगळी मांडता येते, वकील सांगतील. लांब राहूनही तुम्ही त्याच्या डॉक्टरांशी बोलू शकता, ते नातं तुटलंच पाहिजे असं नाही.

आणि मुलगी, ती त्या दिवशी घरात होती का? बाबा आजारी आहेत, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, एवढं तिला जवळ घेऊन सांगा. निघताना तिचं दप्तर तिलाच भरू द्या.