आजोबांचा चेहरा आठवत नसेल, तर छायाचित्र कशाचे काढायचे?

“आजोबांवर छायाचित्रांची एक मालिका करायची आहे, पण ते मला नीट आठवतच नाहीत,” अशी अडचण घेऊन येणारी तरुण मंडळी अलीकडे वरचेवर भेटतात. या अडचणीच्या पोटात बहुतेक वेळा दोन शंका असतात. एक म्हणजे, जे थोडेफार आठवते ते खरोखर आपले आहे की घरच्यांनी वारंवार सांगून आपल्या डोक्यात बसवलेले. आणि दुसरी, इतक्या तुटपुंज्या आठवणीवर काही निर्माण करण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे का. सोलापूरच्या एका तरुणाचा अनुभव या दोन्ही शंकांना धरून सांगण्यासारखा आहे. तो त्याच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हा तरुण लग्नाच्या ऑर्डरी घेणारा छायाचित्रकार होता. काम भरपूर होते, पैसेही बरे मिळत होते. परंतु आपली सगळी छायाचित्रे एकसारखी होऊ लागली आहेत, या विचाराने तो बेचैन झाला होता. शहराच्या पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात त्याच्या आजोबांनी आयुष्यभर चादरी विणल्या होत्या. त्यांच्यावर काही करावे म्हणून काढलेली छायाचित्रे माझ्याकडे येताना त्याने सोबत आणली होती. सिद्धेश्वर तलावात पडलेले मंदिराचे प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, असे सारे सोलापूर त्यात होते आणि सारेच देखणे होते. आजोबा मात्र त्यात कुठेच नव्हते, आणि हे त्यालाही दिसत होते. “मॅडम, मला त्यांचा चेहरा फक्त भिंतीवरच्या फोटोतला आठवतो, आवाज तर अजिबात आठवत नाही. सहा वर्षांचा होतो ते गेले तेव्हा,” तो म्हणाला.

अशा वेळी घरातला अल्बम काढून बसण्याचा मोह होतो. मी मात्र तो आधी बाजूला ठेवायला सांगते. छायाचित्र आठवण जागी करते, तशीच ती नव्याने तयारही करू शकते. किंबर्ली वेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात प्रौढ व्यक्तींना त्यांच्या बालपणीचे एक बनावट छायाचित्र दाखवले होते, ज्यात त्या गरम हवेच्या फुग्यात बसलेल्या दिसत होत्या. काही मुलाखतींनंतर त्यांपैकी निम्म्या जणांना कधीही न घडलेली ती सफर थोडीफार किंवा तपशीलवार ‘आठवली’. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी शरीराला जे आठवते ते, मग अल्बम, आणि सर्वांत शेवटी काका-आत्या.

त्यानुसार मी त्याला आजोबांविषयी काही विचारलेच नाही. “तुम्ही कुठे बसलेले असायचात? समोर काय दिसायचे? पायाखाली काय होते?” एवढेच विचारत गेले. सुरुवातीला तो अडखळला. नंतर मात्र एकेक गोष्ट येऊ लागली. तयार चादरींच्या गठ्ठ्यावर त्याला बसवलेले असायचे. नव्या सुताचा, खळीचा आणि मागाच्या तेलाचा मिसळलेला वास यायचा. डोळ्यांच्या उंचीवर आजोबांचे कोपरापासून खालचे हात असायचे आणि हातांवरच्या केसांत कापसाचे बारीक पांढरे तंतू अडकलेले असायचे. कांडीवर गुंडाळलेले सूत संपले की एक हात झटकन धोट्याकडे, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या मागाच्या भागाकडे जायचा. कारखान्यात मागांचा खडखडाट एवढा, की आजोबा त्याच्याशी बोलायचेच नाहीत. भुवया उंचावून किंवा दोन बोटांनी खूण करून सांगायचे. हे सांगता सांगता तो थांबला आणि म्हणाला, “मग आवाज आठवणार कसा?” आवाज विसरल्याची जी बोच त्याने इतकी वर्षे बाळगली होती, तिचे उत्तर असे त्याच्याच तोंडून आले.

याच ओघात आजोबांच्या रागाचीही आठवण निघाली. एकदा तो चालू मागाजवळ गेला आणि त्यांनी त्याचा दंड असा आवळला, की बोटांचे वळ उठले. ही गोष्ट मालिकेत बसणार नाही, असे त्याला वाटत होते. मला नेमके उलटे वाटत होते. आजी-आजोबांच्या आठवणींना आपल्याकडे इतका गोडवा चढवला जातो, की जिवंत माणूस त्यात शिल्लक राहत नाही. आणि त्याची छायाचित्रे एकसारखी होण्याचे एक कारण हेही असावे, असे मला आजही वाटते.

त्यानंतर तो एका ओळखीच्या कारखान्यात गेला. पहिल्या भेटीत कॅमेरा न्यायचा नाही, असे आमचे ठरले होते. लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संग्रहालयातील ज्या वस्तूंची छायाचित्रे काढली, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम केले, तेव्हा ही घट दिसली नाही. म्हणजे प्रश्न कॅमेऱ्याचा नसून लक्ष कुठे ठेवले याचा असतो.

पुढच्या भेटीत त्याने कॅमेरा गठ्ठ्यावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, ट्रायपॉडवर लावला. या उंचीवरून विणकराचा चेहरा चौकटीबाहेरच राहत होता, आणि तो तसाच राहू द्यायचे त्याने ठरवले. लग्नातल्या सवयीने शटरचा वेग जास्त ठेवला, तेव्हा जुन्या ट्यूबलाइटच्या लुकलुकण्यामुळे छायाचित्रावर पट्टे येत होते. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्‌झची असल्याने अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते. शटर सेकंदाचा आठवा भाग उघडे राहील इतका वेग खाली आणला, तेव्हा पट्टे गेले, मागाचा लोखंडी सांगाडा स्पष्ट राहिला, धोट्याची एक फिकट रेघ उमटली आणि हात धूसर झाले. पट्टे घालवण्यासाठी केलेल्या या बदलातून त्याच्या आठवणीतल्यासारखे हात कागदावर आले. हे तंत्र मला त्याच्याकडून समजले. माझा त्यात काहीही वाटा नाही.

खरी परीक्षा घरी झाली. छायाचित्रे पाहून त्याचे काका म्हणाले, “अरे, तू कारखान्यात आलाच नव्हतास. तेव्हा तू दोन वर्षांचा होतास, नंतर तर बाबा घरीच असायचे.” मोठेपणी टिकून राहणारी सर्वांत जुनी आठवण साधारणतः तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, त्यामुळे काकांचे म्हणणे खरे मानले तर त्याची आठवण डळमळीत होते. तो पुन्हा माझ्याकडे आला, तो “मी खोटे काम केले का?” हा प्रश्न घेऊनच. कोण बरोबर, याचा निवाडा मी करत नाही आणि करूही शकत नाही. छायाचित्राखाली आपण कोणता दावा करतो, एवढेच पाहायला मी सुचवले. त्याने आधी आजोबांचे नाव आणि कारखान्याचा काळ लिहिला होता. ते खोडून “मला आठवतो तो कारखाना” असे लिहिले. यावर काकांची हरकत राहिली नाही.

अशा कामात एक पथ्य मात्र पाळावे लागते. आठवणी काढताना झोप उडाली, कामात लक्ष लागेना किंवा रडू दिवसेंदिवस आवरेना, तर कॅमेरा खाली ठेवावा आणि तज्ज्ञाशी बोलावे. या तरुणाच्या बाबतीत तशी वेळ आली नाही.

काकांनी शेवटी एक अट घातली, की माग नीट, पूर्ण आणि लख्ख उजेडात दिसेल असा एक फोटो काढून द्यायचा. तो त्याने काढला, आणि आता तो काकांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. आपल्या मालिकेत तो घ्यायला मात्र हा तयार नाही. घ्यावा, असे माझे मत आहे, आणि त्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.