मॉरिशसमध्येही अंदमानसारखी कैद्यांची वसाहत होती का? त्यांच्याकडून शेती करून घेत का?

होती. अंदमानात १८५८ साली वसाहत बसली, पण मॉरिशसला हिंदुस्थानातले कैदी १८१५ पासूनच उतरत होते. १८३७ पर्यंत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून मिळून सुमारे दीड हजार. तिथला इंग्रज गव्हर्नर फार्कर याने ते मागून घेतले होते, कारण गुलामांची आयात बंद झालेली आणि रस्ते बांधायला हात नव्हते.

या विषयावरून माझं एक भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून पुढे लिहितो.

मी तिथे रस्त्याच्या कामावर तीन वर्षं सुपरवायझर होतो. गणपतीत (चतुर्थीची तिथे सरकारी सुट्टी असते) कास्कावेलला एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. अंगणात जाखडी नाच झाला. ते लोक झाकरी म्हणतात, पण पायातला ठेका आमच्या संगमेश्वरचाच. त्याच आठवड्यात आम्ही रस्त्याखालची एक जुनी मोरी उकरली होती. काळ्या दगडाचे घडीव चिरे, सांध्यात सुरीचं पातं शिरणार नाही. पानावर बसल्यावर मी सहज म्हणालो, "हे काम आपल्याकडच्या कैद्यांचंही असेल." आमच्याच कंपनीतले एक वरिष्ठ पानावरून ताडकन उठले. "आपली माणसं इथे मानाने मजूर म्हणून आली. त्यांच्या घरात बसून त्यांना दरोडेखोरांची औलाद म्हणतोस?" मी तसं म्हटलंच नव्हतं. त्या घरच्या आजी हातात तुपाची वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्यानंतर चार महिने ते साहेब माझ्याशी फक्त चिठ्ठीवरून बोलले.

मला विचाराल तर लाज वाटावी असं त्यात काही नाही. १८३६ साली डार्विन मॉरिशसला उतरला तेव्हा असे आठशेच्या आसपास कैदी सार्वजनिक कामांवर असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. हिंदुस्थानची माणसं इतकी भारदस्त दिसत असतील असं त्याला आधी वाटलंच नव्हतं. म्हाताऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र दाढ्या-मिशा त्याच्या ध्यानात राहिल्या. बंगालकडच्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवलेला असे, मुंबई इलाख्यात ती पद्धत नव्हती. उरलेल्यांना मोकळं केलं ते १८५३ साली.

आणि "मानाने" म्हणाल तर मजुरांचं तरी काय झालं? १८३४ पासून मळ्यांवर करारी मजूर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने बांधलेले मजूर, येऊ लागले. करार संपलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्याने फोटो चिकटवलेला पास जवळ बाळगायला लावला. पास नसला की भटका म्हणून धरायचे आणि ग्रान रिव्हियेरच्या डेपोत डांबायचे. १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी या जाचाविरुद्धच्या अर्जावर सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी लंडनहून चौकशी आयोग आला. तुरुंगाची भिंत कैद्याला आणि मजुराला एकच होती, हे मला त्या रात्री सांगायचं होतं.

आता शेतीचं. त्या जुन्या कैद्यांना मुख्यतः रस्ते-पुलांवर जुंपलं होतं, थोडे मळेवाल्यांकडेही दिले होते. पण १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरचा इंग्लंडमधला जादा कर उठला, ऊस बेटभर पसरला, आणि ती साखर बंदरापर्यंत न्यायला रस्ते लागलेच. शेती त्यांच्या हातून फारशी झाली नसली तरी उसाच्या गाड्या त्यांच्या खडीवरूनच गेल्या. आजच्या काळात रिशल्यूला खुला तुरुंग आहे, तिथे कैदी शेती करतात.

एक मान्य करतो. मुंबई इलाखा म्हणजे सगळे मराठी नव्हेत, गुजरातही त्यातच होता. आणि ती मोरी नक्की कोणी बांधली याचा कागद माझ्याकडे नाही. तिथल्या मराठी घरांचे पूर्वज बहुतेक करारी मजूरच, हेही साहेबांचं बरोबर.

पण तुमच्या घरात "काशीला गेले ते परत आलेच नाहीत" असा कोणी पणजोबाचा बाप असेल, तर मॉरिशसच्या अभिलेखागारात कैद्यांच्या नोंदी आहेत, त्या आधी बघा. साहेब, तुम्हीही बघा. आजींना मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं सांगितलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, "त्यांची नावं लिहिलेली आहेत का?"