शस्त्रे द्यायची, पण कुठवर?

प्रश्न : अंबाझरीच्या आयुध निर्माणीत मी एकतीस वर्षे लेथवर तोफगोळ्यांच्या रिकाम्या बॉड्या कातल्या. गोळा शेवटी कुठे पडणार, हे आम्ही कधी विचारले नाही. युक्रेनला शस्त्रे देणारे देश मात्र ती कुठवर डागायची हेही सांगतात. हा अधिकार त्यांना कोणी दिला, आणि शस्त्रे देणारा देश स्वतःच युद्धात उतरला असे केव्हा मानायचे? वाडीच्या चहाटपरीवर यावरून आमचे दोन तट पडले आहेत.
(एक निवृत्त कामगार, वाडी, नागपूर)

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे 51वे कलम हल्ला झालेल्या देशाचा स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते आणि इतरांनी त्याच्या मदतीला जाण्यासही वाव ठेवते. त्यामुळे 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर केवळ शस्त्रे पुरवली म्हणून कोणी युद्धातील पक्ष ठरत नाही, असेच बहुतेक कायदेपंडित मानतात. पेच पुढे आहे : शस्त्र चालवताना देणाऱ्याचा हात त्यावर कितपत असतो? सुमारे 500 किलोमीटर पल्ल्याची टाउरस क्षेपणास्त्रे नाकारताना जर्मनीचे तत्कालीन चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये हेच कारण दिले की, लक्ष्य ठरवण्याच्या कामात जर्मन सैनिक गुंतता कामा नयेत. ब्रिटनने तर स्टॉर्म शॅडो क्षेपणास्त्रे मे 2023 मध्येच देऊन टाकली होती.

अट घालण्याचा अधिकार करारातून येतो. शस्त्रांचा व्यवहार म्हणजे गाय विकली तरी दावे विकणाऱ्याच्याच खुंटीला. जर्मनीने गेपार्ड या विमानभेदी तोफा युक्रेनला दिल्या, पण त्यांचा स्विस बनावटीचा दारूगोळा पुढे पाठवायला स्वित्झर्लंडने तटस्थतेचा दाखला देत नकार दिला.

आता अट योग्य की अयोग्य. खारकीव शहरापासून रशियाची सीमा जेमतेम 30-40 किलोमीटर. अमेरिकेने 2022 मध्ये हायमार्स रॉकेट यंत्रणा दिली ती रशियाच्या भूमीवर मारा न करण्याच्या हमीवर. म्हणजे सीमेपलीकडून मारा करणारी तोफ समोर दिसत असूनही त्या रॉकेटने तिला उत्तर देता येत नव्हते. खारकीवपुरती सूट मे 2024 मध्ये मिळाली आणि लांब पल्ल्याच्या अटॅकम्स क्षेपणास्त्रांना रशियात मारा करण्याची मुभा नोव्हेंबर 2024 मध्ये. समोर अण्वस्त्रधारी देश असताना मर्यादा ठेवणे मला गैर वाटत नाही. गैर वाटते ती आपण काय देणार नाही याची आधीच पिटलेली दवंडी. जी गोष्ट अखेर द्यायचीच असते ती उशिरा दिली की शत्रूला विमाने आणि कोठारे मागे हलवायला फुरसत मिळते.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्यावर फारसे बोलले जात नाही, पण ती आपल्याला चटकन कळेल. युरोपीय संघाने मार्च 2023 मध्ये वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले; मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोहोचले होते. अमेरिकेची सुमारे 61 अब्ज डॉलरची तरतूदही संसदेत महिनोन्महिने अडकून एप्रिल 2024 मध्ये सुटली, आणि तोवर आघाडीवरचे तोफखाने गोळे मोजूनच डागत होते. बॉडी कितीही कातल्या तरी भरायला स्फोटक दारू लागतेच, आणि युरोपात टंचाई पडली तीही दारूचीच.