कुंभारीण घर का चुकली?

प्रश्न : आमच्या पडवीत खिडकीच्या चौकटीखाली कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. खाली कुंड्यांची ओळ आणि शेजारी जुनं घंगाळ. रंगकामासाठी हे सगळं दोनेक हात सरकवलं. घराला कुणी हात लावला नाही. तरी ती चिखलाची गोळी घेऊन येते आणि दोन हात पलीकडे, कोऱ्या भिंतीशी भिरभिरत राहते. डोळ्यांसमोरचं घर तिला दिसत कसं नाही?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, कुंड्या आणि घंगाळ हाच तिच्या घराचा पत्ता होता. तो दोन हात सरकला, म्हणून तीही सरकली.

तिच्या डोळ्यांना आपल्याइतके बारकावे दिसत नाहीत. भिंतीवरचा मातीचा गोळा लांबून हुडकण्यापेक्षा आसपासच्या ठळक वस्तू लक्षात ठेवणं तिला सोपं जातं. जमिनीत बिळं करणारी तिची भावंडं पहिल्यांदा बीळ सोडतात तेव्हा नीट बघा. सरळ उडून जात नाहीत. बिळाकडे तोंड करून डावीउजवीकडे कमानी घेत, दर फेरीला थोडं लांब, थोडं वर, अशा मागे मागे सरकतात. त्या काही सेकंदांत पाठांतर होतं.

हे सिद्ध केलं डच जीवशास्त्रज्ञ निको टिंबर्गन यांनी, १९२९च्या सुमारास नेदरलँड्समधल्या हुल्सहॉर्स्टच्या वाळूत. तेव्हा ते बावीस-तेवीस वर्षांचे होते. मधमाश्या पकडून पिलांसाठी साठवणाऱ्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती त्यांनी पाइनच्या बोंडांचं कडं मांडलं. ती शिकारीला गेल्यावर कडं उचलून फूटभर बाजूला ठेवलं. परतलेली माशी रिकाम्या कड्याच्या मधोमध उतरली! मग त्यांनी बोंडांचा त्रिकोण केला आणि शेजारी दगडांचं कडं मांडलं, तर ती दगडांच्या कड्यात गेली. म्हणजे वस्तू कोणती यापेक्षा मांडणी कशी, हे तिनं धरून ठेवलं होतं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं, पण मला अजूनही त्या वाळूतल्या बोंडांचाच हेवा वाटतो.

मी वाईजवळ शाळेत जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हा मैदानाच्या कडेला एका गांधीलमाशीचं बीळ होतं. तोंडापाशी एक करवंटी पडलेली. मुलांनी ती दोन वीत हलवली. थोड्या वेळानं माशी आली, आपल्यापेक्षा मोठा नाकतोडा मिशांना धरून ओढत. करवंटीशी थांबली, नाकतोडा खाली ठेवला आणि माती उकरू लागली. इथे उकर, तिथे उकर. तेवढ्यात नाकतोड्याला मुंग्या लागल्या. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ''सर, ठेवू का परत?'' तिनं करवंटी जागेवर ठेवली आणि चार-पाच मिनिटांत माशी बिळात शिरली. त्या वर्षी मी दुसरा प्रयोग केला नाही.

मधमाश्यांचंही असंच. ससेक्स विद्यापीठातल्या कार्टराइट आणि कॉलेट यांनी १९८३ साली हे दाखवलं. एका नळकांड्यापासून ठरावीक अंतरावर साखरपाणी ठेवून त्यांनी मधमाश्यांना सवय लावली आणि मग नळकांडं मोठं केलं. मधमाश्या जास्त लांब जाऊन शोधू लागल्या, जिथून ते पूर्वीएवढंच दिसेल तिथे. डोळ्यात साठवलेलं चित्र जुळेपर्यंत त्या सरकत राहतात.

तेव्हा रंग वाळला असेल तर कुंड्या आणि घंगाळ आजच पूर्वीच्या जागी ठेवा. खाली फरशीवर कुंड्यांच्या बुडाचे डाग असतील, त्यांवर नेमक्या बसवा. कुंभारीण घरात बधिर केलेले कोळी भरते आणि त्यांवर अंडं घालते. भरलेला खण लिंपायचा राहिला असेल तर मुंग्यांना आयताच सापडेल, म्हणून उशीर नको. आणि कुंड्या लावल्यावर ती किती वेळात घरी पोचली, ते घड्याळ लावून बघा. मला जरूर कळवा.