आजोबांचा 'अंतराळवीरांचा' चाकू खरा का?

प्रश्न: दादा, नागपूरला इतवारीत राहतो. आमच्या आजोबांचा एक मोठा चाकू आहे, अमेरिकेतल्या मित्रानं दिलेला, ब्लेडवर रँडल अन् ऑर्लँडो असं कोरलंय. घरचे म्हणतात अंतराळवीरांचा आहे. बर्डीवरचा एक जण पॉलिश मारून चमकवून देतो म्हणतोय, देऊ का?

उत्तर: आधी पॉलिश थांबवा भाऊ, हात जोडून सांगतो! ब्लेडवरचा जुना करडा रंग अन् कोरलेल्या नावाच्या कडा हाच तर पुरावा असतो, मशीनवर घासून चमकवलं की तो गेला, परत येत नाही. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचे चाकू कारागीर बो रँडल यांनी मर्क्युरी, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेतल्या अंतराळवीरांसाठी 'अ‍ॅस्ट्रो' म्हणजे मॉडेल 17 बनवला, डिझाइनमध्ये त्यांच्यातलेच अंतराळवीर गॉर्डन कूपर होते. त्याच मोहिमेतल्या गस ग्रिसमचं लिबर्टी बेल 7 यान 1961 ला समुद्रात बुडालं, 1999 ला साडेचार किलोमीटरहून खोलातून वर काढलं तर आत हाच अ‍ॅस्ट्रो चाकू होता, अन् साफ केल्यावर वापरण्याजोगा निघाला, काय पोलाद असेल ते! पण हेच मॉडेल सामान्य गिऱ्हाईकांनाही विकलं गेलं, म्हणून अ‍ॅस्ट्रो असणं म्हणजे अंतराळात गेलेला असणं नव्हे, त्याला कागद लागतात, पत्र, बिल, फोटो, आजोबांच्या पेटीत बघा. आधी ब्लेड मोजा, अ‍ॅस्ट्रोचं साडेपाच इंची असतं. मग म्यान बघा, जुनी म्यानं डेन्व्हरच्या हायझर या म्यान बनवणाऱ्यांची, नंतरची जॉन्सन या कारागिराची, म्यानाच्या मागच्या शिक्क्यावरून काळाचा अंदाज येतो, फक्त म्यान बदललेलं असू शकतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा अन् रँडलच्या दुकानालाच पाठवा, ते अजून चालू आहे.