गीरचे भ्रूण घ्या, पण एफडी मोडून नको

संगमनेर तालुक्यातल्या एका दूध उत्पादकाने विचारलंय: गोठ्यात दहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिझियन या विदेशी जातीच्या) गाई आहेत, त्यांच्या गर्भाशयात गीर या देशी जातीचे भ्रूण सोडून घ्यावेत का? पैसे दोन लाखांची एफडी मोडून. ती एफडी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली, दोन वर्षांनी लागणारी.

आधी कॅलेंडर काढा. आज भ्रूण सोडला तर वासरू नऊ-साडेनऊ महिन्यांनी. गीर कालवड पहिल्यांदा विते ती साधारण साडेतीन-चार वर्षांची झाल्यावर. म्हणजे तिची पहिली धार साडेचार वर्षांनी, आणि फी दोन वर्षांनी. एफडीचा विषय माझ्यापुरता इथेच मिटला.

आता दर. तुम्हाला दोन सांगितलेत: भ्रूण सोडायचे प्रत्येकी ९,०००, किंवा गाभण ठरली तरच २०,०००. पहिला स्वस्त वाटतो. पण आयव्हीएफचे, म्हणजे प्रयोगशाळेत फलित केलेले, दहा भ्रूण सोडून तीन-चार गाई गाभण राहिल्या तरी काम बरं झालं म्हणायचं. ९०,००० भागिले तीन, एक गाभण गाय ३०,०००ला पडली. चार राहिल्या तरी २२,५००. उलटलेल्या, म्हणजे गाभण न राहिलेल्या, गाईंनी खाल्लेली पेंड, मुरघास वेगळाच. दुसराच दर घ्या, आणि गर्भतपासणी कोण, कधी करणार ते कागदावर आणा. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशन योजनेत खात्रीच्या गर्भधारणेमागे ५,०००चं अनुदान आहे, पण ते खात्यात पडेपर्यंत हिशेबात धरू नका.

वासरू अस्सल गीरच होईल. पोट एचएफचं, रक्त गीरचं. गाय व्याली की तिचं दूधही सुरू होतंच. पण कालवड पोसायला रोजचे ८० रुपये धरा: साडेतीन वर्षांत लाखावर गेले.

आणि एवढं करून दूध घालणार कुठे? संकलन केंद्रावरचं यंत्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघतं, गाईचं वशिंड नाही. फॅट चांगली लागेल, पण लिटर एचएफपेक्षा कमी भरतील. गीरचे पैसे होतात ते पुण्या-नाशिकच्या दारात बाटली पोचवली तर. असं गिऱ्हाईक तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही.

म्हणून यंदा दोनच गाई, तेही दुधाच्या पगारातून. बाकीच्या आठ लिंगनिश्चित रेतमात्रेने (कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याने) भरवा, जन्मलेल्या दहा वासरांत साधारण नऊ कालवडी होतात. आणि दाता गाईचे (जिच्या बीजापासून भ्रूण बनला तिचे) फोटो नकोत, तिच्या वेतांच्या दूधनोंदी मागा.